आराम आणि ताबा यांचं खोटं भांडण

“सॉफ्ट पाहिजेत की कडक?” शॉकअप बदलायला निघालेल्या गिऱ्हाइकाला दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न हा असतो, आणि बहुतेक वेळा शेवटचाही हाच. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्याकडे जा किंवा तालुक्याच्या गावी स्टँडसमोरच्या गॅरेजात, प्रश्नात फरक पडत नाही. त्यामागचा हिशेबही सगळीकडे एकच. आराम हवा असेल तर वळणावर गाडी डुलणार, ब्रेक मारला की नाक खाली घालणार. गाडी रस्त्याला चिकटून हवी असेल तर प्रत्येक खड्डा मणक्यात मोजायचा. एक घ्या, दुसरं सोडा.

हा हिशेब इतका सोपा आहे की तो कुणी तपासत नाही. गॅरेजवाला त्यावर चालतो, गाड्यांचे व्हिडिओ करणारे चालतात आणि ‘स्पोर्टी’ गाडी विकणाऱ्या कंपन्याही चालतात. माझं म्हणणं असं, की तो जेमतेम अर्धा खरा आहे. चांगला शॉकअप आराम आणि ताबा दोन्ही वाढवतो. वाईट शॉकअप दोन्ही बिघडवतो. तेव्हा शॉकअप बदलून गाडी सुधारायची असेल, तर मऊ-कडक ही पट्टीच आधी बाजूला ठेवावी लागेल.

कोण काय काम करतं, तिथून सुरुवात करू. चाक खड्ड्यातून वर फेकलं जातं तेव्हा तो मार स्प्रिंग झेलते. ती दबते आणि मारातली ऊर्जा पोटात घेते. पण ती ऊर्जा ती ठेवून घेत नाही, लगेच परत देते. म्हणून नुसत्या स्प्रिंगांवरची गाडी एका खड्ड्यानंतर, ढकलून सोडलेल्या झोपाळ्यासारखी, कितीतरी वेळ वरखाली होत राहील. ते थांबवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि तेलात पिस्टन. पिस्टन सरकला की तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून रेटलं जातं, आणि या ओढाताणीत हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून तासभर चालवून आणलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहावा. नळी चांगली तापलेली लागते. रस्त्याने दिलेल्या धक्क्यांची शेवटी तिथे उष्णता झालेली असते.

शॉकअपवर दोन कामं सोपवलेली आहेत आणि ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत. पहिलं काम गाडीचं धड सावरण्याचं. साध्या गाडीचं धड स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतं. हा ठेका शरीराला सोसतो. त्याहून फार संथ हेलकावे आले की पोटात ढवळतं, आणि सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या टापूत आपलं धड सर्वांत हळवं असतं. माणसाला बसणाऱ्या कंपनांच्या मोजमापासाठी जे आयएसओ 2631 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, तेही याच टापूला सर्वाधिक वजन देतं. शॉकअपचं दुसरं काम चाक सावरण्याचं. चाक हलकं असतं आणि रबरी टायर व स्प्रिंग यांच्या कात्रीत सापडलेलं असतं, त्यामुळे ते थरथरतं तेव्हा सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरतं. ही थरथर आवरली नाही तर टायर क्षणभर जमीन सोडतो. हवेतला टायर ना ब्रेक लावू शकत, ना गाडी वळवू शकत.

आता मुद्द्याची गोष्ट. धड सावरताना, म्हणजे वळणावर, ब्रेक मारताना किंवा लांब उंचवट्यावरून जाताना, पिस्टन सावकाश सरकतो: सेकंदाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आदळतं तेव्हा तोच पिस्टन सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावतो. पहिल्या प्रसंगी शॉकअपने घट्ट धरायला हवं आणि दुसऱ्या प्रसंगी पटकन वाट करून द्यायला हवी. नुसत्या भोकांवर चालणारा स्वस्त शॉकअप नेमकं उलटं वागतो. भोकातून तेल जाताना विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दसपट झाला तर विरोध शंभरपट. म्हणजे वळणावर हा शॉकअप झोपलेला, आणि खड्ड्यावर दगडासारखा घट्ट. अशा गाडीत बसलेला माणूस वळणावर दरवाज्याकडे झुकतो आणि खड्ड्यावर कळवळतो, दोन्ही एकाच प्रवासात. त्याला अजून कडक शॉकअप दिले तर खड्डा असह्य होईल, मऊ दिले तर वळण. त्याची अडचण मऊ-कडकपणाची नव्हतीच.

चांगल्या शॉकअपमध्ये पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवलेली असते. सावकाश हालचालीत ही चळत घट्ट बसून तेल अडवते. एका ठरावीक दाबानंतर चकत्या वाकतात, वाट मोकळी होते, आणि वेग वाढला तरी विरोध त्या प्रमाणात वाढत नाही. चकत्या किती, किती जाडीच्या आणि कोणत्या व्यासाच्या, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. शिवाय शॉकअप आकसताना कमी अडवतो आणि लांबताना जास्त, कारण आकसताना अडवलं तर मार सरळ माणसाला बसतो आणि लांबताना अडवलं तर दबलेल्या स्प्रिंगेची उसळी आवरली जाते. हा सगळा तपशील खोक्यावर छापलेला नसतो. छापलेलं असतं ते ‘स्पोर्ट’, ‘हेवी ड्यूटी’, ‘गॅस’.

मग कडक म्हणजे भारी, हा समज आला कुठून? टीव्हीवरच्या शर्यतींतून, असं माझं मत. फॉर्म्युला वनची गाडी लाकडी फळीसारखी ताठ दिसते ती चालकाला टणकपणाची आवड असते म्हणून नव्हे. तिची पकड हवेच्या दाबावर असते, आणि जमिनीपासूनची उंची काही मिलिमीटर बदलली तरी तो दाब बदलतो. म्हणून तिला हलू द्यायचं नसतं. तिचा ट्रॅकही गुळगुळीत असतो. हीच शर्यत खडकाळ रस्त्यावर नेली की चित्र बदलतं. रॅलीच्या गाड्यांची चाकं हातभर वरखाली जातात, स्प्रिंगा त्या मानाने मऊ असतात आणि सगळा भार उत्तम शॉकअपवर टाकलेला असतो. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने ही रीत साध्या रस्त्यावरच्या गाडीत उतरवली. 1962 साली आलेली त्याची एलान सातशे किलोच्या आतली. मऊ स्प्रिंगा, चाकांना हलायला भरपूर जागा आणि नेटके जुळवलेले शॉकअप एवढ्या भांडवलावर ती गाडी वळणांवर आपल्याहून महागड्या गाड्यांना मागे टाकत असे, आणि तिच्यात बसणंही सुखाचं होतं. खराब रस्ता हा टायरचा शत्रू आहे. जो टायर उसळत नाही तोच धरून ठेवतो. म्हणजे माणसाला जे सुख देतं तेच टायरलाही सुख देतं, निदान बऱ्याच अंतरापर्यंत.

आराम हा हौसेचा विषय नसून गणिताचा आहे, हे चॅपमनच्याही आधी मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने दाखवलं होतं. रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या कारखान्यातून तो 1930 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्या काळी गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा ताठ असत आणि मागे बसलेले लोक उडत. ऑलीने एका गाडीला पुढे-मागे लोखंडी वजनं लावायची सोय केली, वजनं सरकवत चाचण्या घेतल्या आणि उलटा नियम काढला: पुढची बाजू संथ ठेवा, मागची किंचित चपळ. कारण उघड आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो. अडीच मीटर चाकांतर असलेली गाडी ताशी साठ किलोमीटरने जात असेल, तर मागच्या चाकांना तो सेकंदाच्या सातव्या हिश्शाने उशिरा भेटतो. मागची बाजू थोडी चपळ असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी मागे-पुढे डोलायच्या ऐवजी सपाट उचलली जाते. पुढचं सस्पेन्शन मऊ करायचं तर जुना अखंड आस चालेना, म्हणून 1934 च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने दोन्ही चाकं स्वतंत्र केली. त्या बदलाने गाडी नुसती आरामशीर झाली नाही, स्टेअरिंगही सुधारलं.

आपल्याकडे जे ‘अपग्रेड’ म्हणून खपतं ते या दृष्टीने पाहिलं तर त्यातलं बरंचसं कोसळतं. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर घ्या. गाडी भरली की मागून घासते, म्हणून ते बसवतात, आणि घासायची खरंच थांबते. पण बफरने स्प्रिंग ताठ झाली, शॉकअप मात्र जुनाच राहिला. ताठ स्प्रिंगेची उसळी जोरदार. तिला आवरायला शॉकअपची ताकद त्या प्रमाणात वाढायला हवी होती. ती न वाढल्यामुळे गतिरोधक ओलांडल्यावर गाडीची मागची बाजू एकाऐवजी दोन-तीन उड्या मारते. मालक म्हणतो, “गाडी आता टणक झाली.” टणक झाली, पण बेलगामही झाली. स्प्रिंगा कापून गाडी बसकी करणारे याहून वाईट करतात: चाकाला वर जायला जागाच उरत नाही, आणि शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळणं रोजचं होतं. मोठ्या अलॉय आणि चपट्या टायरांचंही तेच. टायरची भिंत ही गाडीतली पहिली स्प्रिंग. ती दोन बोटांची करून टाकली, चाकाचं वजन वाढवलं आणि मग आराम परत आणायला महागडे शॉकअप शोधत फिरायचं, याला काय म्हणावं?

‘गॅसचे शॉकअप’ या शब्दांभोवतीही असंच वलय आहे. गॅसमुळे गाडी तरंगते अशी समजूत आहे. गॅसचं खरं काम साधं आहे. पिस्टन झपाझप फिरला की तेलात बुडबुडे होतात आणि फेसाळ तेल अडवत नाही. नायट्रोजनचा दाब ठेवला की बुडबुडे होत नाहीत. दाबाखालचा गॅस आणि एकच नळी असलेली रचना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों याची. 1950 च्या दशकात ती बिल्स्टाइनमार्फत मर्सिडीजच्या गाड्यांत पोचली. एका नळीचा शॉकअप लवकर थंड होतो आणि लांबच्या खडतर प्रवासात थकत नाही. पण त्याची बाहेरची नळी हीच पिस्टनची वाट असते. चाकाने उडवलेल्या दगडाने तिला पोचा आला की पिस्टन अडकतो. दोन नळ्यांच्या साध्या शॉकअपला बाहेरून पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. खडी उखडलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने ‘एक नळी म्हणजे वरचा दर्जा’ असं डोळे मिटून मानू नये. इम्पोर्टेड म्हणजे वरचा दर्जा, हेही तसंच. गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी 1961 पासून या धंद्यात आहे, चाकण आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. रांजणगावला बनणाऱ्या जीप कंपासमध्ये सेकंदाला किती कंपनं येतात त्याप्रमाणे आपोआप वागणं बदलणारे शॉकअप येतात. ज्ञान दूर नाही. ते आपल्या गाडीच्या वजनाला आणि आपल्या रस्त्याला जुळवलेलं आहे का, एवढंच विचारायचं असतं.

आणखी एक गोष्ट बाजार सांगत नाही. नवे शॉकअप बसवून गाडी ‘बदलूनच गेली’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. पण ते तुलना करतात ती मेलेल्या शॉकअपशी. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज कणभर जातो, आणि चालवणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर सवय लावून घेतो. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते पाहायची जुनी चाचणी फारशी विश्वासाची नाही, कारण पार गेलेला शॉकअपच तिच्यात पकडला जातो. खरी साक्ष गॅरेजात मिळते. ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या हॅचबॅकचा पुढचा शॉकअप काढला की खालच्या नळीवर तेल आणि धूळ यांचा काळा चिकट लेप दिसतो. रॉड तळहाताने दाबला तर पहिला बोटभर तो पोकळीत गेल्यासारखा जातो, काहीच अडत नाही, मग एकदम हिसका बसतो. सोडल्यावर तो तिथेच राहतो. शेजारी नवा ठेवून दाबला तर पहिल्या मिलिमीटरपासून एकसारखा दाब लागतो, आणि गॅस असेल तर सोडल्यावर रॉड आपण होऊन सावकाश वर येतो. टायरवरून हात फिरवला तर आणखी कळतं: रबरावर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या पडलेल्या असतात, चाक महिनोन्‌महिने उड्या मारत चाललं त्याची ती नोंद. अशा गाडीला कंपनीचेच साधे शॉकअप घातले तरी मालकाला स्वर्ग दोन बोटं उरेल. तेव्हा पहिलं अपग्रेड म्हणजे गाडी मुळात जशी होती तशी करणं. ते केल्यावरही काही कमी वाटलं तरच पुढचा विचार.

त्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी टायरची हवा, दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेली. पंक्चरवाल्याच्या अंदाजाची नव्हे. मग टायर. मग लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, वरची माउंटिंग. खडखड आवाजाचे निम्मे गुन्हे यांचे असतात आणि फाशी शॉकअपला होते. मग शॉकअप, एका आसावरचे दोन्ही एकदम. स्प्रिंगा सर्वांत शेवटी. रिपेअर केलेले, म्हणजे नळीला भोक पाडून तेल भरून वेल्डिंग केलेले शॉकअप कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत.

बसवण्यातही निम्मा जीव असतो. वरचा नट सैल करताना रॉड फिरू नये म्हणून काही मिस्त्री त्याला पक्कड लावतात. रॉडवर एक ओरखडा उठला की सील तिथून फाटणार आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागणार. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुशमधलं रबर कायम पिळलेलंच राहतं. ते गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात. आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. एवढं न सांगता करणारा मिस्त्री ज्याला लाभला त्याने ब्रँडची फार चिंता करू नये.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला आक्षेप अभियंत्यांचा: कंपनीने वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन ठरवलेलं तुम्ही बदलणारे कोण? आक्षेप वजनदार आहे, पण कंपनीने नेमकं काय ठरवलं हे पाहायला हवं. तिने ठरवलं ते सरासरी माणसासाठी आणि ठरलेल्या खर्चात. हॅचबॅकमध्ये एकटा चालक बसला तेव्हा आणि पाच माणसं व भरलेली डिकी घेऊन ती कोकणात निघाली तेव्हा मागच्या चाकांवरचं वजन दीडपटीच्याही पुढे जातं. वजन वाढलं की तोच शॉकअप तोकडा पडतो. रिकाम्या गाडीला नेमका बसेल असा शॉकअप भरल्या गाडीला कमी, आणि भरल्या गाडीला नेमका बसेल तो रिकाम्या गाडीला जाच. कंपनी मधला आकडा धरते. तुमचं आयुष्य त्या मधल्या आकड्यापासून लांब असेल, म्हणजे गाडी टॅक्सीची असेल आणि सदैव भरलेली, किंवा तुम्ही रोज एकटेच घाट चढत-उतरत असाल, तर बदलायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र मग ‘चांगले शॉकअप’ असं काही मागू नये. ओझं इतकं, रस्ता असा, वेग एवढा, असं सांगून त्याला बसणारं मागावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही मर्यादाही लक्षात असू द्यावी: नोंदणीत दिलेल्या, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी गाडी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. त्याच जागी, त्याच मापाचा शॉकअप बसवणं वेगळं आणि गाडीची उंचीच बदलून टाकणं वेगळं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: गाडी सुधारली की माणूस वेग वाढवतो, आणि मिळालेली सुरक्षितता वेगात उधळून टाकतो. हे खरं आहे. ज्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पूर्वी चाळीसनेच अंग दुखायचं तिथे साठने जाववतं, आणि आरामाची खूण नाहीशी झाली तरी समोरून येणारी दुचाकी तिथेच असते. पण यावरचं उत्तर शॉकअप वाईट ठेवणं हे नव्हे. मेलेला शॉकअप चालकाला सावध करतो असं मानलं, तरी अचानक ब्रेक मारायची वेळ आली की तोच शॉकअप टायरला जमिनीवर टिकू देत नाही. इशारा देणारा आणि ऐनवेळी दगा देणारा एकच असेल तर त्याचा इशारा महाग पडतो.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे, आणि इथे आराम व ताब्याचं भांडण खरंच उरतं. शॉकअप कितीही चांगला असला तरी पिस्टनचा वेग तो ठरवत नाही. तो रस्ता ठरवतो. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायची जगभर वापरली जाणारी जी पद्धत आहे, तिच्यात हे नातं उघडच मांडलेलं आहे. 1982 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगातून ती निघाली. एका कल्पित गाडीचं एक चाक, त्याची ठरलेली स्प्रिंग आणि ठरलेला शॉकअप घेऊन ताशी ऐंशीने त्या रस्त्यावरून गेलं, तर एका किलोमीटरमध्ये सस्पेन्शन एकूण किती मीटर हलेल, हा त्या रस्त्याचा आकडा. म्हणजे रस्ता किती वाईट हे सांगायला जगाला शॉकअपच्याच भाषेत बोलावं लागतं.

आपल्या गतिरोधकाला हाच हिशेब लावून पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 सालच्या आयआरसी 99 या निर्देशांत गोल माथ्याचा गतिरोधक सांगितलेला आहे: रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या 17 मीटर, ओलांडायचा वेग ताशी 25 किलोमीटर. 3.7 मीटर म्हणजे लहान गाडीच्या चाकांतराहून जास्त. अख्खी गाडी त्यावर चढते आणि उतरते. ताशी 20 ने त्यावर गेलं तर चाकाला 10 सेंटिमीटर चढायला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो, आणि पिस्टनचा वेग सेकंदाला सरासरी 30 सेंटिमीटरच्या आसपास राहतो. साधा, निरोगी शॉकअप हे हसत पेलतो. आता सोसायटीच्या गेटसमोर किंवा शाळेच्या वळणावर रातोरात डांबर ओतून केलेला आपला ओळखीचा उंचवटा घ्या: तेवढीच उंची, पण रुंदी जेमतेम 40 सेंटिमीटर. त्याच वेगाने त्याच्यावर चढायला चाकाला सेकंदाचा अठ्ठाविसावा हिस्सा मिळतो आणि पिस्टनचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरवर जातो. या वेगाला सुखाने तोंड देईल असा शॉकअप बाजारात नाही. चकत्यांची चळत कितीही हुशारीने रचा, गॅस कितीही भरा, शेवटचा रबरी ठोकळा आणि तुमचा मणकाच त्याला तोंड देणार.

म्हणून शॉकअपवर खर्च करणाऱ्याला माझा सल्ला दोन भागांत आहे. स्वतःच्या गाडीपुरतं ऐषाराम म्हणून लाजायचं कारण नाही. ताबा आणि आराम हे एकाच कारागिरीचे दोन परिणाम आहेत, आणि ती कारागिरी विकत मिळते. फक्त ती मऊ-कडकच्या भावाने घेऊ नका. पण पैसे टाकून जितकं मिळतं त्याची हद्द कुठे संपते हेही नीट समजून घ्या. पावणेतीन मीटरचा वेग तुमच्या गॅरेजमध्ये तयार होत नाही. तो नगरपालिकेच्या, सोसायटीच्या आणि ठेकेदाराच्या कामात तयार होतो. तो कमी करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही, 1988 पासून कागदावर असलेली तीन मापं पाळली की पुरे. आणि त्याचा लाभ महागडे शॉकअप घेणाऱ्याला होतो तसा लाल एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्या बाईला, रिक्षातल्या गरोदर प्रवाशाला आणि दिवसभर गाडी हाकणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही होतो. त्यांच्या वाहनांचे शॉकअप कुणी अपग्रेड करणार नाही. ज्याला आपल्या गाडीच्या झडपांचा इतका बारीक विचार करता येतो, त्याने आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर एकदा टेप धरावी, रुंदी मोजावी आणि तो आकडा लिहून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. गाडीवर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा हा अर्ज जास्त चाकांच्या कामी येईल.